‘आहे’ आणि ‘होता’

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेले भाषण)



कार्यकारिणीने मला ‘सणवार आणि इतिहासाचे शिक्षण’ असा भारदस्त विषय दिला आहे. इथे दिल्लीत मी सव्वीस वर्षे पहिलीच्या वर्गाला हिंदी शिकवले, एवढाच माझा अधिकार. मोठ्या वर्गांचे मला विचारू नका.

पहिलीला इतिहास हा विषयच नसतो. आपल्याकडे महाराष्ट्रात चौथीला शिवछत्रपतींचे पुस्तक येते. इकडे एनसीईआरटीच्या पुस्तकांत इतिहासाची खरी सुरुवात सहावीत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर पहिली-दुसरीला परिसर अभ्यासही वेगळा ठेवला नव्हता. भाषा आणि गणितातूनच तो घ्यायचा होता. पण सुट्ट्या काही सहावीपर्यंत थांबत नाहीत. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी येतातच. आदल्या दिवशी तिरंगा रंगवायचा, लाडू घ्यायचा आणि घरी पळायचे. पहिली काही वर्षे मीही तेवढेच करून घेतले.

एकदा २ ऑक्टोबरच्या आधी एका मुलाने विचारले, “मैडम, आप गांधीजी से मिली थीं?” वर्गात मी हसले, पण बसमध्ये बसल्यावर ते डोक्यातून जाईना. त्याच्या लेखी त्याची आजी, मी, गांधीजी, राजा हरिश्चंद्र, सगळे एकाच ‘पहले’मध्ये राहत होते. त्याला १८६९ हा आकडा सांगून काय उपयोग? त्याला शंभरापुढे मोजता येत नव्हते. पण क्रियापद त्याच्याजवळ होते. त्याच महिन्यात आम्ही ‘है’ आणि ‘था’ शिकत होतो. मला वाटले, सहा वर्षांच्या मुलाचा इतिहास इथूनच सुरू होतो.

मग रंगकाम कमी केले. दांडीयात्रा घेतली. १९३० साली गांधीजी १२ मार्चला साबरमतीहून निघाले, ६ एप्रिलला दांडीला मीठ उचलले. चोवीस दिवसांची, सुमारे ३८५ किलोमीटरची वाट. टेबलावर मिठाची पुडी ठेवली आणि कागदाची चोवीस पावले कापली. प्रत्येक पावलावर मुलांनी लिहायचे, ‘गांधीजी चले।’ शेवटच्या पावलावर, ‘गांधीजी पहुँचे।’ तेवीस वेळा ‘चले’ लिहिल्यावर ‘पहुँचे’ लिहिताना मुले अक्षरशः दमली होती. एकीने विचारले, “बस क्यों नहीं ली?” आता याचे उत्तर द्यायचे तर इतिहासच सांगावा लागतो की नाही?

एक चूकही सांगते, कारण ती माझीच होती. साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. १५ ऑगस्टसाठी मी घरचा अभ्यास दिला : घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा, तुम्ही लहान होता तेव्हा त्या दिवशी काय करत होता? एक वाक्य लिहून आणा. ‘नानी पतंग देखती थीं।’ ‘दादाजी ने लड्डू खाया।’ अशी गोड वाक्ये आली. एका मुलाने लिहिले होते, ‘दादाजी टेंट में थे।’ मी सगळी वाक्ये फळ्याशेजारी टाचली.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. म्हणाली, सासरे रात्रभर झोपले नाहीत, असले काही विचारत जाऊ नका. फाळणीनंतर पंजाबातून आलेली हजारो कुटुंबे किंग्जवे कॅम्पसारख्या छावण्यांत राहिली, हे दिल्लीत इतकी वर्षे काढून मला ठाऊक नव्हते थोडेच! तरी पेढ्यालाडवांच्या भरात मला ते सुचले नाही. मी माफी मागितली आणि तो कागद काढून ठेवला.

दोन दिवसांनी आजोबा स्वतः शाळेच्या फाटकाशी उभे. मी पुन्हा माफी मागू लागले, तर म्हणाले, “काग़ज़ वापस लगा दीजिए। बस एक ग़लती है। मैं अकेला नहीं था। छोटा भाई भी था।”

पुढे ते काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही. नातवाने वाक्य पुन्हा लिहिले. दोघांना मिळून ‘थे’ वरची मात्रा त्याने या वेळी जरा ठळक काढली.

त्यानंतर घरी प्रश्न पाठवण्याआधी मी पालकांना चिठ्ठी पाठवू लागले. प्रश्न विचारणे मात्र सोडले नाही.

आता आपल्याकडचे. उद्या सकाळच्या आरतीनंतर रविवारच्या मराठी वर्गातली मुले तुमच्याकडे चिठ्ठ्या घेऊन येतील. लोकमान्य टिळक, १८९३, गणपती चौकात कसा आला, हे मी त्यांना सांगेन. तुम्हाला ती विचारतील, “तुम्ही लहान होता तेव्हा गणपतीत काय करत होता?” ही मुले इथेच जन्मली, ‘होता’ म्हणायला त्यांना अजून ‘था’ आठवते. तेव्हा वाडा, चाळ, गिरगाव, सांगली, जे असेल ते सांगा. ज्यांना सांगावेसे वाटणार नाही, त्यांनी हातावर खिरापत ठेवून खुशाल नाही म्हणावे. बाकीच्यांनी एकच वाक्य सांगायचे, आणि सावकाश सांगायचे. जोडाक्षरे अजून यायची आहेत.