जुन्या मोटारीच्या हीटरची अडलेली बटणे

जुन्या मोटारींची निगा हा विषय निघाला की चर्चा बहुधा इंजिन, रंगकाम आणि चामड्याच्या बैठका यांच्याभोवती फिरते. डॅशबोर्डवरील हीटरच्या आणि हवेच्या झोताच्या छोट्या बटणांकडे मात्र ती पुरती अडून बसेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. इंग्लंडसारख्या थंड आणि दमट देशात ही बटणे केवळ सुखसोयीसाठी नसतात. गाडीत बसलेल्यांच्या श्वासातील बाष्प थंड काचेवर साकळते आणि समोरचा रस्ता धूसर होतो. अशा वेळी काचेवर गरम हवा पोचवणे हे हीटरचे सर्वांत महत्त्वाचे काम असल्यामुळे, त्याची बटणे अडणे ही सुरक्षिततेचीच बाब ठरते.

या यंत्रणेची रचना समजून घेण्यास ‘एमजीबी’ ही ब्रिटिश मोटार चांगले उदाहरण आहे. अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तिचे उत्पादन झाले आणि सुरुवातीच्या वर्षांत तर हीटर हा जादा पैसे मोजून घ्यावयाचा भाग होता. तिचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील असून, भारतात अनेक दशके धावलेल्या अ‍ॅम्बॅसॅडरचे १,४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिनही त्याच कुळातील होते. त्यामुळे आपल्याकडील जुन्या मिस्त्र्यांना त्याची ठेवण अनोळखी वाटू नये.

इंजिन थंड राखणारे पाणी स्वतः तापते आणि त्याच उष्णतेवर हीटर चालतो. इंजिनाच्या हेडच्या मागील टोकाला एक छोटा कॉक बसवलेला असतो. तो उघडला की गरम पाणी रबरी नळीतून समोरच्या काचेखालील पेटीत जाते, तेथील लहान रेडिएटरमधून फिरते आणि पेटीत येणारी बाहेरची हवा त्यावरून जाताना तापते. ही हवा पायांकडे जावी की काचेकडे, हे पेटीतील झडप, म्हणजे बिजागरीवर हलणारी पत्र्याची फळी, ठरवते. डॅशबोर्डवरील एक बटण कॉकशी आणि दुसरे झडपेशी केबलने जोडलेले असते.

या केबलचे वैशिष्ट्य ध्यानात घेतल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये. सायकलच्या ब्रेकची तार अनेक बारीक तारा पिळून केलेली असते, कारण तिला फक्त ओढायचे काम असते आणि परत आणण्यासाठी स्प्रिंग असते. हीटरच्या केबलमध्ये मात्र एकच भरीव पोलादी तार असते, कारण तिला ओढणे आणि ढकलणे ही दोन्ही कामे करावी लागतात. ही तार सर्पिल पोलादी वेष्टनातून सरकते. वेष्टनात गंज धरला, जुने ग्रीस वाळून चिकट झाले किंवा तारेला एका जागी जरी मुरड पडली, तरी बटण जड होते; त्यावर जोर केल्यास तार आणखी वाकते, प्लॅस्टिकचे बटण तडकते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

म्हणून पहिले पाऊल जोर लावण्याचे नसून दोषाची जागा शोधण्याचे आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची जोडणी काढावी, कॉकवरील स्क्रू सैल करून तार सोडवावी आणि मग बटण फिरवून पाहावे. ते आता हलके फिरत असेल, तर दोष कॉकमध्ये आहे. अजूनही जड असेल, तर तो केबलमध्ये किंवा बटणामागील दांडीत आहे. झडपेच्या बाबतीतही हाच क्रम लागू पडतो. तेथे आसाला धरलेला गंज किंवा कडांवरील स्पंजाची कुजून चिकटलेली पट्टी ही कारणे अधिक आढळतात.

दोष केबलमध्ये असल्यास ती बाहेर काढून उभी टांगावी, वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा घट्ट बसवून त्यात पातळ तेल भरावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी तार पुढेमागे सरकवली असता खालच्या टोकातून प्रथम गंजाने तांबूस झालेले काळपट तेल ठिबकते. ते स्वच्छ येईपर्यंत ही क्रिया चालू ठेवावी. मुरडलेली तार सरळ करून वापरण्यापेक्षा बदललेली बरी. नवी केबल कापताना वेष्टन पकडीने दाबून तोडू नये. त्याने तोंड चपटे होते आणि तार तेथेच घासू लागते. ते बारीक कानसेने कापून आतली कड साफ करावी.

कॉक अडण्याचे कारण बहुधा पाण्यात असते. गोठणरोधक द्रव न घालता साधे पाणी वापरले की गंज आणि क्षार साचून कॉक आतून धरतो. असा कॉक बदलावा, नवे गॅस्केट घालावे आणि संपूर्ण पाणी धुऊन काढून योग्य मिश्रण भरावे. या द्रवातील एथिलीन ग्लायकॉल गोडसर पण विषारी असल्याने, सांडलेला थेंबही मुलांच्या आणि जनावरांच्या वाटेत राहू देऊ नये.

जोडणी करताना बटण ‘थंड’ या खुणेवर आणि कॉक पूर्ण बंद ठेवून मगच स्क्रू आवळावा, वेष्टन त्याच्या पकडपट्टीत पक्के बसवावे आणि केबलला तीव्र वळण देऊ नये. वेष्टन सैल राहिल्यास तारेऐवजी तेच सरकते आणि बटण फिरूनही कॉक हलत नाही.

एमजीबीचे सुटे भाग आजही मिळतात. परंतु जुना भाग का अडला हे न शोधता नवा बसवला, तर तोही पुढेमागे तसाच अडतो. या बटणांना मुख्यतः न वापरल्याने जडत्व येते. म्हणून जुन्या मोटारीच्या प्रत्येक मालकाने, हीटरची गरज नसलेल्या उन्हाळ्यातही, महिन्यातून एकदा दोन्ही बटणे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावीत.