व्हर्नियरची निवड आणि पारख
(मंडळाच्या भनपुरी येथील सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही कलाशाखेचे पदवीधर. नोकरीही केंद्र सरकारच्या कागदपत्रांची. तरी सुटीच्या दिवशी हाती कानस घेऊन बसण्याचा छंद आम्हांस आहे, आणि तो या भनपुरीत एकट्या आमचाच नाही. कारखान्यांच्या व लेथांच्या शेजारी राहणाऱ्यास लोखंडाचा लळा लागल्यावाचून कसा राहील? म्हणून आज साहित्य बाजूस ठेवून मोजमापाच्या साधनाविषयी बोलण्याचे योजिले आहे.

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात पैसा आणि शब्द दोन्ही गुंतलेले असतात. कूलरच्या पंख्याचा शाफ्ट झिजला, तर आपण माप घेऊन लेथवाल्याकडे जातो. तो आपण सांगितलेल्या आकड्याप्रमाणे शाफ्ट उतरवून देतो. 15 मिलिमीटर भोकाच्या बेअरिंगसाठी शाफ्ट 14.90 झाला, तर तो बेअरिंगमध्ये सैल फिरू लागेल, 15.10 झाला, तर आत शिरणारच नाही. मजुरी मात्र द्यावीच लागते, आणि लेथवाल्याकडे बोट दाखविण्यास आपणांस तोंड उरत नाही.

बाजारात आज काही शे रुपयांत आकडे दाखविणारे डिजिटल कॅलिपर मिळते. त्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु यंत्राने दाखविलेला आकडा आणि यंत्राची अचूकता या दोन भिन्न गोष्टी होत. पडद्यावर 0.01 उमटले म्हणजे माप तितके खरे असतेच असे नाही; नामांकित कंपन्यादेखील आपल्या 150 मिलिमीटरच्या डिजिटल कॅलिपरसाठी साधारणपणे 0.02 मिलिमीटर इतकी चूक गृहीत धरतात. प्लास्टिकची स्वस्त कॅलिपरे तर बहुधा 0.1 पर्यंतच दाखवितात. शिवाय पुष्कळशा स्वस्त डिजिटल साधनांत बटण बंद केले तरी सेल झिजतच राहतो, आणि ऐन कामाच्या वेळी पडदा कोरा दिसतो.

आमचा कौल साध्या पोलादी व्हर्नियरला आहे : 150 मिलिमीटरचे, 0.02 लघुतम मापाचे. मुख्य पट्टीवरील 49 मिलिमीटरांचे सरकत्या पट्टीवर 50 भाग केलेले असतात, आणि रेघ रेघेशी जुळते तेथे वाचन मिळते. पिएर व्हर्नियर याने ही युक्ती 1631 साली प्रसिद्ध केली. तिला सेल लागत नाही. चाळिशी मात्र लागते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पुण्याची बेकर, जपानची मिटुटोयो अशी नावे या व्यवसायात मान्य आहेत. पण मोठ्या नावांची नक्कलही होते, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे व पावती मागावी. व्हर्नियर कॅलिपरसाठी भारतीय मानकही आहे. सरकारी सेवेत सर्वांत कमी दराच्या निविदेची सवय जडते. ती या एका खरेदीपुरती घरी ठेवावी.

दुकानातच पारख करावी. जबडे मिटवून उजेडासमोर धरावेत. मधून प्रकाशाची रेघ दिसली तर साधन परत करावे. शून्य शून्याशी जुळते का, सरकता भाग संपूर्ण पट्टीवर सारखाच चालतो का, हे पाहावे. मग खिशातून एक नवे, चांगल्या कंपनीचे 6202 क्रमांकाचे बेअरिंग काढावे. त्याचा बाह्य व्यास 35 मिलिमीटर असतो आणि साधारण प्रतीच्या बेअरिंगमध्येही तो फार तर 0.011 ने कमी भरतो. एवढे स्वस्त प्रमाण दुसरे मिळणार नाही. बेअरिंगची जाडी मात्र मोजू नये, तिच्यात 0.12 पर्यंत उणेपणा चालतो.

मायक्रोमीटर घ्यावा का, असे पुष्कळजण विचारतात. तो अधिक अचूक खरा, कारण त्यात मोजावयाची वस्तू आणि मोजणारा स्क्रू एकाच रेषेत येतात. कॅलिपरमध्ये पट्टी बाजूस असल्याने जबडा किंचित कलला की माप चुकते. पण एक मायक्रोमीटर साधारणपणे 25 मिलिमीटरचाच पल्ला मोजतो. छंदासाठी आरंभी तो नको. जेथे बेअरिंग घट्ट बसावयाचे आहे, तेथे आकडा नेण्याऐवजी बेअरिंगच लेथवाल्याच्या हाती द्यावे आणि ‘यास बसेल असा उतरवा’ म्हणावे.

आपल्या रायपूरच्या उन्हाळ्याची एक गोष्ट राहिली. मापांचे प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस; आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. पोलादाचा तुकडा पोलादी व्हर्नियरने मोजला तर दोन्ही सारखेच वाढलेले असतात, पण अॅल्युमिनियमचा 100 मिलिमीटरचा तुकडा सुमारे 0.03 ने लांब दिसेल. उन्हात तापलेले साधन सावलीतल्या वस्तूस लावू नये.

पावसाळ्यात काम संपताच घामाचे हात लागलेले जबडे पुसून हलके तेल लावावे, आणि पेटीत ठेवताना ते घट्ट न मिटविता मध्ये केसभर फट ठेवावी. इतके सांगून आपली रजा घेतो; ज्यांस 6202 हाताळून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी ते या टेबलावर ठेविले आहे.