एकाच एक्स-रेत दोन गोष्टी



मघाशी नाश्त्याच्या वेळी कितीतरी जणांनी विचारलं, "आता अगदी बरी झालीस ना?" मी हो म्हटलं. पण खरं उत्तर जरा लांब आहे. माइक हातात आलाच आहे, तर सांगून टाकते.

वाढलेला रक्तदाब वेळीच न कळल्यामुळे माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तीन वर्षं डायलिसिस झालं, मग दादानं किडनी दिली. क्रिएटिनिन १.१ वर आलं आणि मला वाटलं, सुटले! पुन्हा लॅपटॉपपुढे दहा-बारा तास बसू लागले. डॉक्टरांनी हाडांची तपासणी लिहून दिली होती. 'एवढा प्रोजेक्ट संपू दे' म्हणत मी ती पुढे ढकलत राहिले.

दीड वर्षानं बाथरूममध्ये पाय घसरला. साधंच पडणं, पण मनगट मोडलं. एक्स-रे दाखवत डॉक्टर म्हणाले, "मोडलेलं जुळेल. हे बघा." जे हाड ठळक पांढरं दिसायला हवं, ते फिकट होतं. आणि साध्या एक्स-रेत जी दिसायलाच नको, ती रक्तवाहिनी पांढऱ्या रेघेसारखी उमटली होती.

झालं होतं ते असं. किडनी बिघडली की रक्तात फॉस्फरस साठतो आणि 'ड' जीवनसत्त्व कामाचं रूप घेत नाही. मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जोरात कामाला लागतात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून काढतात. इकडे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियमचे थर बसतात. नवी किडनी आली, तरी या ग्रंथी लगेच शांत होत नाहीत. काहींच्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. त्यात स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि त्यांनी हाडांची झीज सर्वांत जास्त होते ती पहिल्या सहा ते बारा महिन्यांत. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर नवा, पण डेटा जुनाच.

डायलिसिसवर असताना फॉस्फरस जास्त म्हणून दूध मोजून मिळायचं. प्रत्यारोपणानंतर तोच फॉस्फरस कमी पडला आणि डॉक्टर म्हणाले, दूध घ्या! म्हणून सांगते, कॅल्शियमची किंवा 'ड'ची गोळी शेजारणीच्या सल्ल्यानं घेऊ नका. कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच, 'ड' जीवनसत्त्व यांचे रिपोर्ट आणि डेक्सा स्कॅन बघून डॉक्टरांनाच ठरवू द्या.

हाड बऱ्यापैकी सावरता येतं. रक्तवाहिनीत बसलेला थर मात्र सहसा निघत नाही, फक्त वाढू न देणं आपल्या हाती. नवी किडनी उत्तम चालत असतानाही जे रुग्ण दगावतात, त्यांच्यात हृदयविकार हे एक मोठं कारण आहे. म्हणून रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल सांभाळायचं, तंबाखू-सिगारेट पूर्ण बंद, आणि चालायचं.

पी.टी.च्या तासाला पोटदुखीचं सोंग करून मी वर्गात बसायचे. सर, आता रोज चाळीस मिनिटं चालते. मागची गैरहजेरी भरून काढतेय!

आपण सगळेच पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. घरी गेल्यावर एकदा रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या. माझा रक्तदाब तेव्हा कुणी मोजला असता, तर दादाच्या पोटावर आज टाक्यांचा व्रण नसता.

त्यानं मला फक्त किडनी दिली. ती ज्या शरीरात बसवली, ते सांभाळणं माझं काम होतं. हे मला मनगट मोडल्यावर कळलं. तुम्हांला माझ्या बोलण्यावरून कळावं, एवढंच.