आपली वाडी, आपली माणसं

माउलींनो, दिंडीच्या शंभर वर्षांच्या पुस्तकात वाडीबद्दल चार शब्द बोला, असं विणेकरी बुवा म्हणाले. मी चौथी शिकलेला, पण शिवारातला बांध न् बांध पायाखालचा हाये.

आपण अंबड तालुक्यातले, गंगथडीचे. कागदावर गोदावरी लिहितात, आपण गंगाच म्हणतो. शहागडच्या पुलावरून दिंडी गेवराईकडं निघाली की जालना जिल्हा मागं राहतो, बीड लागतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला ज्याचं रान, त्याला पाटपाणी. वरच्या अंगाला राहिला त्याची कपाशी-तूर आभाळावर. एकाच वाडीत एकाच्या घरी ऊस अन् दुसऱ्याच्या हाती कोयता, तो यामुळंच.

आता माणसं. 2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची 19,59,046 माणसं भरली. वाडीचा आकडा वेगळा नाही, आपण मोठ्या गावात धरलेलो. अन् मोजदाद कधी? 9 ते 28 फेब्रुवारी! तवा कितीक घरांना कुलूप, टोळ्या कारखान्याच्या फडावर. त्या दिवसांत जो जिथं, तिथंच त्याची नोंद. मागं म्हातारी माणसं अन् शाळेची थोडी लेकरं. कार्तिकात काकड्याला टाळकरी मिळत नाही, तो त्याच पायी. आषाढात सगळे घरी असतात.

म्हणून या पुस्तकात वाडीची यादी घालायची तर आषाढात उंबऱ्याउंबऱ्यानं लिहून घ्या. फडावर पाचटाच्या कोपीत जन्मलेली लेकरं बी त्यात धरा.