अभयदान, ज्ञानदान आणि संगणक

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांची परंपरा जैन समाजाने श्रद्धेने जपली आहे. २०२३ साली परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि औषधदान व ज्ञानदान यांचा संगम जिल्ह्याच्या ठिकाणीच घडू लागला. वैद्यकीय शिक्षणात अभयदानाचाही एक अध्याय आहे. तो संगणकामुळे लिहिला गेला.

एके काळी औषधांचा परिणाम दाखविण्यासाठी विद्यार्थ्यांसमोर बेडकाचे हृदय उघडे केले जाई. निष्कर्ष पुस्तकात आधीच छापलेला असे, तरी दरवर्षी नवे जीव जात. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेची ती पायरी जड वाटावी, हे स्वाभाविकच होते. पुढे पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेतील डॉ. रवींद्रन यांनी ‘एक्सफार्म’ हा संगणकीय कार्यक्रम तयार केला आणि तेच प्रयोग पडद्यावर करता येऊ लागले. मार्च २०१४ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने नियमांत बदल करून, पदवीपूर्व शिक्षणात शरीरक्रियाशास्त्र व औषधशास्त्र या विषयांसाठी प्राण्यांऐवजी संगणकीय साधने वापरण्याची तरतूद केली.

परंतु जीव वाचला म्हणजे विद्या पोहोचली, असे नव्हे. शिक्षकाने कळ दाबली, आलेख उमटला, विद्यार्थ्याने तो वहीत उतरविला, तर यंत्र नवे आणि पाठांतर मात्र जुनेच! प्रशिक्षित शिक्षक कळ दाबण्यापूर्वी थांबतो. ‘ॲसिटिलकोलीन दिल्यावर ठोके वाढतील की मंदावतील?’ असे विचारतो. मोबाईलवर साऱ्या वर्गाची उत्तरे येतात. कोण कोठे अडखळले, हे त्याला तत्काळ कळते. मग तो आधी ॲट्रोपीन देऊन तोच प्रयोग पुन्हा दाखवितो. आता ठोके का मंदावत नाहीत, याचे कारण विद्यार्थीच शोधतात. फवारणीच्या विषबाधेने शेतकरी रुग्णालयात येतो, तेव्हा अनेक कीटकनाशकांमुळे त्याच्या शरीरात हेच ॲसिटिलकोलीन साचलेले असते आणि ॲट्रोपीन त्याला तारते. कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्यात तो धडा नीट समजणे, हा जीवनमरणाचा प्रश्न आहे.

असे शिकविणे उपजत येत नाही. ते शिकावे लागते. मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात २००५ पासून फेमर संस्थेच्या सहकार्याने वैद्यकीय शिक्षकांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात काही दिवस समोरासमोर आणि उरलेला काळ इंटरनेटवरून चर्चा, अशी योजना होती. २००९ पासून वैद्यक परिषदेने विभागीय केंद्रांतून शिक्षकांच्या कार्यशाळा सुरू केल्या. २०२० च्या महामारीत वर्ग बंद पडले, तेव्हा या तयारीची निकड सर्वांनाच उमगली.

साधनांना मर्यादाही आहेत. नाडीचा स्पर्श पडद्यावर मिळत नाही. रुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीविना वर्गात दाखविणे, हीसुद्धा सूक्ष्म हिंसाच होय. हा विवेक शिक्षकानेच शिकवावयाचा असतो.

सुवर्णमहोत्सवानिमित्त दानाचे संकल्प होतील. संगणक भेट दिला, तर त्यावर दात्याचे नाव कोरता येते. शिक्षकाच्या प्रशिक्षणावर ते कोरता येत नाही. परंतु संगणक काही वर्षांत जुना होतो आणि एक उत्तम शिक्षक डॉक्टरांच्या अनेक पिढ्या घडवितो. नावाची अपेक्षा न ठेवता दिलेले ज्ञानदानच श्रेष्ठ, हे या समाजाला निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

जय जिनेंद्र!