शनिवारची पायवाट
(कापणीच्या सणाच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेले भाषण)



वसतिगृहाचा हिशेब तुम्ही दर तिमाहीला वाचता. तांदूळ, वह्या, औषधे. आज मी हिशेबात न बसणारी गोष्ट सांगणार आहे. पाऊस ओसरल्यापासून दिवाळीपर्यंत दर शनिवारी सकाळी मी मुलांना घेऊन जव्हारकडच्या रानात जाते. सहल नव्हे, ओढ्यापर्यंत जायचे आणि न्याहारीला परत यायचे.

हे दिवसच तसे. हळवे भात कापणीला आलेले, गरवे अजून हिरवे. गवतात कोळ्यांची जाळी एरवीही असतातच, पण दव पडले की डोळ्यांना दिसतात. विहिरीवर वाकलेल्या शिंदीला सुगरणीचे रिकामे खोपे लोंबत असतात. नाव आपण बाईचे दिले, विणतो मात्र नर. अर्धा खोपा झाला की मादी येऊन बघते. पसंत पडला तर पुढचे काम, नाहीतर तो तसाच सोडून गडी दुसरा बांधायला घेतो. नापास खोपे मोजताना मुली इतक्या हसतात की पोरे चिडतात.

तिसरीतला एक मुलगा जूनपासून वर्गात बोललाच नव्हता. घरी वारली बोली, पुस्तकातली मराठी त्याला परकी. एका शनिवारी आंब्यावर लाल मुंग्यांनी पाने जोडून केलेले घरटे दिसले. मी समजावू लागले, तर हा पुढे आला. "बाई, त्या पिल्लू तोंडात धरून शिवतात." अगदी बरोबर. मोठ्या मुंगीला धागा काढता येत नाही. तो अळीच्या तोंडातून येतो. म्हणून काही मुंग्या पाने ओढून धरतात आणि बाकीच्या अळीला जबड्यात धरून धोट्यासारखे इकडून तिकडे फिरवतात. मी हे पुस्तकात वाचले होते, त्याने झाडाखाली बसून पाहिले होते. सोमवारी त्याने फळ्यावर मुंगी काढली. गुरुजींनी खाली नाव लिहायला सांगितले, तेही लिहिले.

शेतावर सध्या पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. हे चतुर समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जात असावेत, असे मालदीवमधील अभ्यासक चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले. मुलांना सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, "मग परत कधी येतात?" मी म्हटले, तेच नाही येत, पावसाबरोबर त्यांची पुढची पिढी येते. ती गप्प झाली. तिचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणार आहेत.

तुम्हाला हे ठाऊक आहेच. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. घरी कोणी उरत नाही म्हणून लेकरेही ट्रकमध्ये चढतात आणि धाकट्या भावंडाला सांभाळतात. गेल्या वर्षी गेलेली काही जूनमध्ये परतली, काही परतली नाहीत. रानात फिरवल्याने ही गळती थांबते असा माझा दावा नाही. उचल मुंग्या बघून फिटत नाही. पण न्यायला आलेल्या बापाला पोराने स्वतः "मला राहायचंय" म्हणणे आणि आम्ही बाईंनी समजावणे यात फार फरक आहे.

त्या मुलाचा बाप परवा आला होता. पोराने त्याला हाताला धरून आंब्याखाली नेले. दोघे बराच वेळ वर बघत होते. जाताना तो म्हणाला, दिवाळी झाली की सांगतो. आम्ही त्याची खाट ठेवली आहे. भट्टीच्या महिन्यांत जास्तीची मुले ठेवायची तर जेवण आणि पांघरुणे लागतील. ते तुमच्यापुढे ठेवते.

मंडळीतली मुले यायची असतील तर अवश्य पाठवा. दिवाळीपर्यंत दर शनिवारी साडेसहाला निघतो. खाऊ नको. गवत उंच आहे, बूट घालून या, आणि घरात भिंग पडून असेल तर तेवढे आणा.