मैदानातली मेहनत आणि धंद्यातली भीती
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी एक गिरणी कामगार. शाळा थोडी झाली, बाकीचे शिक्षण वाचनालयात आणि चळवळीत झाले. आज मला बोलायचे आहे ते आपल्या पोरांच्या मनातल्या भीतीविषयी. आपली मुले मैदानावर वाघ असतात. पण "बाबा रे, नोकरी मिळत नाही तर छोटासा धंदा तरी सुरू कर" म्हटले की मान खाली जाते. भांडवल नाही, ओळख नाही, आणि आडनाव ऐकून गिऱ्हाईक मागे फिरले तर? ही भीती खोटी नाही. पण मैदानावरची भीती ज्या वाटेने जाते त्याच वाटेने हीसुद्धा जाते, एवढेच मला सांगायचे आहे.

पळवणकर बाळू यांचे उदाहरण घ्या. जन्म 1876 चा, चर्मकार समाजातला. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना 3 रुपयांवर मैदानाची देखभाल करायचे, पुढे इंग्रजांच्या जिमखान्यात 4 रुपयांवर. तिथे ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज इतरांच्या आधी सरावाला येई आणि बाळू त्याला चेंडू टाकीत. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. पुढे हिंदू संघात घेतले, तरी पुण्यात त्यांना चहा मिळे तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडूला हात लागलेला चालतो, कपाला चालत नाही!

पण 1906 साली हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते 1923 साली त्यांच्या भावाला, विठ्ठल यांना मिळाले. पुढे 1937 च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, हेही आपण विसरू नये. राजकारण वेगळे. मेहनत मात्र शिकण्यासारखी आहे. ज्याने रोज सकाळी ग्रेगला चेंडू टाकले, त्याला सामन्यात गोऱ्या फलंदाजाचे भय काय वाटणार? भीती भाषणाने जात नाही, सरावाने जाते.

दुसरी गोष्ट आपल्या कबड्डीची. आमच्या गिरणगावात चाळीचाळीत संघ होते. चढाईला गडी एकटा जातो, समोर सात जण. निदान रेषा ओलांडल्याशिवाय परत आला तर बाद. म्हणजे थोडा धोका घ्यावाच लागतो. पण मध्यरेषेपर्यंत परत यायला दम शिल्लक ठेवावा लागतो, नाहीतर तिकडेच पकड. धंद्यात हा दम म्हणजे भांडवल. सगळे पैसे पहिल्याच मालात घातले, वर सावकाराचे कर्ज काढले, तर परत कसे येणार? आणि एखादी चढाई रिकामी गेली म्हणून कुणी खेळ सोडत नाही. मग एक दिवस विक्री झाली नाही म्हणून दुकान का बंद करावे?

कल्पना सरोज यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. अकोला जिल्ह्यातल्या, आपल्याच समाजातल्या. बाराव्या वर्षी लग्न, सासरी छळ, तिथून सुटका. मुंबईत होजियरी कारखान्यात दिवसाला 2 रुपयांवर काम. पुढे कर्ज काढून फर्निचरचा धंदा. कर्जात बुडालेली कमानी ट्यूब्ज कंपनी त्यांनी हातात घेतली, 2006 साली तिच्या अध्यक्षा झाल्या, 2013 साली पद्मश्री मिळाली. त्या काही खेळाडू नव्हत्या. पण पायरी पायरीने चढल्या. आधी शिवण, मग दुकान, मग कारखाना. हाच तो सराव.

काही लोक म्हणतात, व्यापार आपल्या रक्तात नाही. अहो, शेजारचे सोपारे हे प्राचीन बंदर. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला, तो आजही आहे. बौद्ध ग्रंथांत ज्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा येते तो याच सोपाऱ्याचा. भगवंतांनी त्याला विचारले, तिथले लोक उग्र आहेत, शिव्या देतील, मारतील, मग? पूर्ण डगमगला नाही. व्यापार करणारा आणि न भिणारा माणूस याच मातीतला आहे.

तेव्हा तरुणांनो, सुरुवात लहान करा. आपल्या निर्मळची कार्तिकातली यात्रा दरवर्षी भरते. चार मित्रांनी मिळून एक टपरी मांडा. हिशेबाची वही ठेवा. पहिल्या वर्षी नफा नाही झाला तरी गिऱ्हाइकाशी बोलण्याची भीती जाईल. दुसऱ्या वर्षी माल कुठून स्वस्त मिळतो ते कळेल. 1978 साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आपल्यासाठीच आहे. तिथे जाऊन योजना विचारा, अर्ज भरायला मी बरोबर येतो. आणि आयाबायांनो, पोरगा धंद्याचे बोलला तर "आपल्याला जमणार नाही" हे वाक्य तेवढे बोलू नका. आणि पहिला माल आपल्याच पोराकडून घ्या, पण रोखीने! उधारीने धंदा बुडतो.

बाबासाहेबांनी आपल्याला ताठ उभे राहायला शिकवले. आता त्या पायांनी मध्यरेषा ओलांडायची आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!